रसायनशास्त्राच्या पदवीनंतर: आधी काम, मग पात्रता, मग अभ्यासक्रम

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना घरी, नातेवाइकांत आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्येही बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: एम.एस्सी. करणार की बी.एड.? ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण आहे त्यांच्यासाठी एमआयडीसीत ‘मिळेल ती नोकरी’ हा तिसरा पर्याय असतो. या तिन्ही वाटा चांगल्या आहेत. परंतु त्यांची निवड कामाकडे पाहून क्वचितच होते. वर्गातले बाकीचे काय करत आहेत याकडे पाहून ती होते, आणि मग दोन वर्षे व बरेच पैसे खर्ची पडल्यावर हे काम आपल्याला मानवत नाही, किंवा ज्या पदासाठी आपण थांबलो त्याला आपली पदवी चालतच नाही, हे लक्षात येते. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी कामाचे स्वरूप, मग त्या कामाची प्रवेशाची अट, आणि त्यानंतर पुढचे शिक्षण. महाराष्ट्रात आणि गोव्यात शिकणारे, घरात आधी कोणी या क्षेत्रात नसलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: कोणत्या प्रकारचे काम झेपेल ते ठरवा

रसायनशास्त्राच्या पदवीधराची कामे ढोबळमानाने चार ठिकाणी चालतात: प्रयोगशाळेच्या ओट्यावर, प्लांटवर, कागदपत्रांच्या टेबलावर आणि वर्गात. ओट्यावरच्या कामात दिवसचे दिवस तीच चाचणी तितक्याच काळजीने करावी लागते, आणि ज्याला तोचतोचपणाचा कंटाळा येतो त्याने हे आधीच ओळखलेले बरे. प्लांटवर तीन पाळ्या असतात, रात्रपाळी चुकत नाही, उष्णता, आवाज आणि सॉल्व्हंटचा वास असतो. पण माणसे सांभाळायला आणि निर्णय घ्यायला सर्वांत लवकर तिथेच शिकायला मिळते. कागदपत्रांच्या कामात, म्हणजे गुणवत्ता हमी, नियामक कामकाज किंवा पेटंट या विभागांत, इंग्रजी वाचन-लेखनाची सवय आणि तपशिलाची चिकाटी लागते. शिकवण्याबद्दल वेगळे सांगायला नको, मात्र तिथे कायम नोकरीपर्यंतचा काळ लांबतो हे गृहीत धरूनच त्या वाटेला जावे.

दम्याचा किंवा त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास असेल तर हा विचार अधिकच गांभीर्याने करावा. तसा त्रास असलेल्या विद्यार्थ्यासाठी पाण्याच्या तपासणीची प्रयोगशाळा, पेटंट किंवा अध्यापन ही कामे बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांचे मूळ घटक बनवणाऱ्या प्लांटपेक्षा योग्य ठरतात.

दुसरी पायरी: पदवी पूर्ण होण्याआधी हात तयार करा

या पायरीवर मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण मुलाखतीत नवे उमेदवार मागे पडतात ते बहुधा इथेच. आपल्या अनेक महाविद्यालयांत प्रात्यक्षिके गटाने होतात. एक जण ब्युरेट धरतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून पूर्ण होते. गुण मिळतात, पण कारखान्यातला मुलाखत घेणारा वरिष्ठ केमिस्ट पहिल्या पाच मिनिटांत हे ओळखतो. त्यासाठी त्याला अवघड प्रश्न विचारावे लागत नाहीत. ‘०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण तयार करा आणि त्याची नॉर्मॅलिटी काढून दाखवा’ एवढे म्हटले तरी पुरते.

हा प्रश्न नीट उलगडून पाहू. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून ४ ग्रॅम वजन करून लिटरभर पाण्यात विरघळवले तरी ते नेमके ०.१ नॉर्मल झाले असे म्हणता येत नाही. त्याचे प्रमाणीकरण करावेच लागते. त्यासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट हे घन, स्थिर आणि शुद्ध स्वरूपात मिळणारे संयुग वापरतात. ते आधी वाळवून, थंड करून, चार दशांश स्थळे दाखवणाऱ्या तराजूवर वजन करतात. त्याचा रेणुभार २०४.२२ असल्यामुळे ०.१ नॉर्मल द्रावणाचा १ मिलिलिटर २०.४२ मिलिग्रॅम थॅलेटशी जुळतो. म्हणजे ०.५१०५ ग्रॅम घेतले तर नेमके २५ मिलिलिटर द्रावण लागायला हवे, आणि प्रत्यक्षात २५.४ लागले तर आपले द्रावण सुमारे ०.०९८४ नॉर्मल आहे. फिनॉल्फ्थॅलिन का घेतले, मिथिल ऑरेंज का चालत नाही, कोरे टायट्रेशन म्हणजे ब्लँक कशासाठी करायचा, तीन रीडिंग का घ्यायची, हे सगळे ज्याला कारणांसकट सांगता येते त्याला पुढे यंत्रे शिकवता येतात, असा विश्वास समोरच्याला वाटतो.

म्हणून शेवटच्या वर्षात प्रत्येक टायट्रेशन एकदा तरी स्वतः, एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावे. मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी, पीपीएम आणि द्रावण पातळ करण्याची गणिते तोंडी करता यावीत. पीएच मीटरचे कॅलिब्रेशन, तराजूची काळजी, युव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रमाण वक्र काढणे या गोष्टी कॉलेजात उपलब्ध असतात. शिक्षकांना विनंती केली तर बहुतेक जण आनंदाने करू देतात. एक्सेलमध्ये सरासरी, प्रमाण विचलन आणि आलेख काढता येणे हे आता सगळीकडे धरूनच चालतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत, दूध संघात किंवा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये महिनाभर विनावेतन का होईना, पण काम करायला मिळाले तर ते सोडू नये. पदवीनंतर वर्षभराची शिकाऊ उमेदवारी हाही उत्तम मार्ग आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर पदवीधरांना नोंदणी करता येते. रसायन कारखान्यांत ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ आणि ‘लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट’ असे मान्यताप्राप्त ट्रेड आहेत. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) आणि अलिबागजवळच्या थळ येथे कारखाने असलेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या जाहिरातींत पहिल्या ट्रेडसाठी बी.एस्सी. रसायनशास्त्राचे उमेदवार मागवले जातात.

तिसरी पायरी: खासगी उद्योगांची ओळख करून घ्या

महाराष्ट्रात रसायनाचे उद्योग ठरावीक पट्ट्यांत एकवटले आहेत. तारापूर-बोईसर, तळोजा, पाताळगंगा, अंबरनाथ-बदलापूर, रोहा, महाड, खेड-चिपळूणदरम्यानचे लोटे परशुराम आणि दौंडजवळचे कुरकुंभ या ठिकाणी बल्क ड्रग, रंगद्रव्ये, कीटकनाशके आणि त्यांची मध्यवर्ती रसायने बनतात. छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज आणि चिकलठाणा, तसेच गोव्यातील वेर्णा व कुंडई येथे गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शन अशी तयार औषधे बनवणारे कारखाने आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बल्क ड्रगच्या कारखान्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराला उत्पादनात आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडे वाव असतो, तर गोळ्यांच्या कारखान्यात उत्पादनाकडे फार्मसीच्या पदवीधरांचा ओढा जास्त असतो आणि आपल्यासाठी मुख्य दार गुणवत्ता नियंत्रणाचे, म्हणजे सगळे ज्याला क्यूसी म्हणतात त्याचे असते. पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या मुलांना गुजरातेतील वापी आणि त्यापुढचे अंकलेश्वर, दहेज हे पट्टेही आवाक्यात आहेत.

क्यूसीमध्ये नव्या केमिस्टला पहिले काही महिने बहुधा ‘वेट लॅब’ मिळते: कच्च्या मालाचे नमुने, वाळवल्यावरची घट, सल्फेटेड ॲश, कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचे प्रमाण, टायट्रेशन. त्यानंतर एचपीएलसी आणि जीसी ही मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रे हाती येतात, आणि एचपीएलसी येणाऱ्या माणसाला या क्षेत्रात सहसा नोकरीची चिंता राहत नाही. नेहमीच्या कामात सी-१८ प्रकारचा, २५० मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर व्यासाचा कॉलम असतो, त्यातून मिनिटाला साधारण १ मिलिलिटर मोबाइल फेज, म्हणजे नमुना वाहून नेणारा द्रव जात असतो, आणि नमुना टोचण्याआधी प्रमाण द्रावणाची सहसा पाच किंवा सहा इंजेक्शने देऊन यंत्रणा योग्य आहे की नाही हे पाहतात. त्यांच्या क्षेत्रफळांतले सापेक्ष विचलन सामान्यतः २ टक्क्यांच्या आत असावे लागते. मोबाइल फेज ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यातली हवा काढावी लागते. बफर वापरून झाल्यावर कॉलम आधी जास्त पाणी असलेल्या मिश्रणाने धुवून मगच ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉलकडे जावे लागते, नाहीतर क्षार आतच खाली बसतात आणि दाब वाढून कॉलम वाया जातो. ‘बफरनंतर कॉलम कसा धुवाल?’ हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो.

औषध उद्योगात चाचणीइतकेच महत्त्व नोंदीला असते. जे केले ते त्याच वेळी, पेनाने, स्वतःच्या सहीने लिहायचे. चुकले तर एका रेघेने खोडून, कारण लिहून, सही व तारीख टाकायची. व्हाइटनर किंवा सुट्ट्या कागदावरची नोंद चालत नाही. जर्नल उतरवून काढण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्यांना हे सुरुवातीला जाचक वाटते. परंतु या गोळ्या शेवटी कोणाच्या तरी घरातल्या आजारी माणसाच्या पोटात जाणार असतात, आणि नको असलेला निकाल वगळून पुन्हा चाचणी घेणे हा या क्षेत्रातला सर्वांत गंभीर गुन्हा मानला जातो. विदेशी तपासनीस सर्वांत आधी हेच शोधतात. क्यूसीमध्ये दोन-तीन वर्षे काढल्यावर गुणवत्ता हमी, नियामक कामकाज किंवा पद्धत-विकास या विभागांत जाता येते. थेट तिथेच नोकरी शोधण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो, कारण ज्याने स्वतः चाचण्या केल्या आहेत त्यालाच दुसऱ्याच्या कागदातली चूक दिसते.

उत्पादन विभागाकडे मुले उगाच पाठ फिरवतात. शिफ्ट केमिस्ट म्हणून रिॲक्टरमध्ये माल चार्ज करण्यापासून तापमान राखणे, नमुने काढून लॅबला पाठवणे, सेंट्रिफ्यूज, ड्रायर आणि बॅचची नोंद इथपर्यंतची साखळी हाती येते. औषध नियम, १९४५ प्रमाणे औषधनिर्मिती ज्या सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते, तिच्या पात्रतेत फार्मसीच्या पदवीधराला १८ महिन्यांचा आणि रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला ३ वर्षांचा निर्मितीचा अनुभव सांगितला आहे. अन्न व औषध प्रशासनाकडून अशी मान्यता मिळालेल्या केमिस्टला जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्हड’ म्हणतात आणि त्याच्या पगारात व मानात लगेच फरक पडतो. चाचणी विभागासाठीही अशीच स्वतंत्र मान्यता असते. संशोधन व विकास विभागात मात्र सेंद्रिय रसायनशास्त्रातील एम.एस्सी. किंवा पीएच.डी. हवीच, असे धरून चालावे.

शहरात शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीत साखर कारखाना क्वचितच असतो. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत मात्र लॅब केमिस्ट, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट आणि चीफ केमिस्ट ही प्रतिष्ठेची पदे आहेत. गाळप हंगामात रसाच्या पीएचवर केमिस्टचा पहारा असतो. रस आम्लधर्मी राहिला तर साखरेचे विघटन होऊन उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण घटते, आणि चुना जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडून रस काळवंडतो. म्हणून चुन्याची निवळी आणि सल्फर डायऑक्साइड यांचा मेळ घालून रस ७ पीएचच्या आसपास आणावा लागतो. दर पाळीत रस, सिरप, मासेक्विट (साखरेचे स्फटिक धरलेला घट्ट पाक) आणि मळी यांचे ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) आणि पोल (साखरेची टक्केवारी) काढतात. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५, आणि ती कुठल्या टप्प्यावर घसरली हे पाहून केमिस्ट प्लांटला सूचना देतो. ज्या उताऱ्यावर शेतकऱ्याच्या उसाचा भाव ठरतो, तो उतारा या प्रयोगशाळेतून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था १९७५ साली स्थापन झाली असून तिथे साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. कानपूरची राष्ट्रीय साखर संस्था त्याहून जुनी आहे. इथेनॉलमुळे आता आसवन्यांतही केमिस्ट लागतात. हंगाम संपल्यावर काम आणि काही ठिकाणी पगारही कमी होतो, तेव्हा नेमणूक हंगामी आहे की कायम हे आधीच विचारून घ्यावे.

बाकीच्या उद्योगांची नुसती ओळख पुरे. रंग, साबण, सौंदर्यप्रसाधने, खाद्यतेल, दुग्धप्रक्रिया, रबर आणि प्लास्टिक या सर्वांत गुणवत्ता तपासणीची पदे असतात. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळांत पाणी, अन्न, सिमेंट, खनिजे असे नाना प्रकारचे नमुने येतात. पगार बेताचा, पण दोन वर्षांत जितकी विविधता तिथे मिळते तितकी एका उत्पादनाच्या कारखान्यात मिळत नाही. पाण्याच्या लॅबमध्ये जायचे असेल तर पिण्याच्या पाण्याचे आयएस १०५०० हे मानक वाचून जावे: एकूण विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रेट ४५, फ्लोराइड १ आणि पर्याय नसेल तर १.५ पर्यंत, एवढे तरी माहीत असावे. ज्यांना माणसांशी बोलायला आवडते त्यांनी प्रयोगशाळेची उपकरणे, पाणी-प्रक्रियेची रसायने किंवा रंगद्रव्ये यांच्या तांत्रिक विक्रीचा जरूर विचार करावा.

चौथी पायरी: सरकारी पदांचे सेवाप्रवेश नियम आधी वाचा

इथे ऐकीव माहितीने सर्वाधिक नुकसान होते. औषध निरीक्षकाचे पद रसायनशास्त्राच्या पदवीधराला मिळते असा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात त्यासाठी मुख्यतः फार्मसीची पदवी लागते. उलट अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते, पण नुसती बी.एस्सी. रसायनशास्त्र चालत नाही, आणि त्याच वेळी जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अन्न तंत्रज्ञानाची केवळ पदवी असलेला उमेदवार पात्र ठरतो. महाराष्ट्रात ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. ज्याला हेच पद हवे आहे त्याने एम.एस्सी. का करायची याचे उत्तर त्याच्यापुरते इथेच मिळते.

न्यायवैद्यक प्रयोगशाळांचा विचार आता अधिक गांभीर्याने करायला हवा. राज्याचे संचालनालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथे वैज्ञानिक सहायक ते रासायनिक विश्लेषक अशी पदांची चढण आहे. विषबाधा, अमली पदार्थ, मद्यार्क, जळिताचे नमुने हे सर्व विश्लेषक रसायनशास्त्राचेच काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे आणि ती अमलात आणायला राज्यांना मुदत दिली आहे, त्यामुळे या मनुष्यबळाची गरज वाढणार हे उघड आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा यांच्याही प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या जाहिराती अनियमित येतात, म्हणून संकेतस्थळांवर लक्ष ठेवावे लागते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात दोन दारे आहेत: एम.एस्सी. रसायनशास्त्रात किमान ६० टक्के असलेल्यांसाठी वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर वैज्ञानिक अधिकाऱ्याची नेमणूक, आणि बी.एस्सी.ला ६० टक्के असलेल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनी, म्हणजे विद्यावेतनावरचा प्रशिक्षणार्थी. दुसऱ्यासाठी पदवीला कोणते उपविषय असावेत हे जाहिरातीत बारकाईने पाहावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात केमिस्ट हे गट अ पद मिळते आणि त्या स्पर्धेत आपल्याकडचे उमेदवार फारच कमी उतरतात. सीमाशुल्क विभागाच्या प्रयोगशाळांतही रासायनिक सहायकाची पदे असतात.

सरकारी परीक्षेसाठी किती वर्षे द्यायची हे घरच्यांशी बोलून आधी ठरवावे आणि शक्यतो लॅबमधली नोकरी चालू ठेवून तयारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायवैद्यक किंवा अन्न विश्लेषणाच्या पदाला तो अनुभव कामी येतो. नुसत्या अभ्यासिकेतल्या वर्षांचा तसा उपयोग होत नाही.

पाचवी पायरी: आता पुढच्या शिक्षणाचा निर्णय

एवढे झाल्यावर एम.एस्सी.चा प्रश्न सोपा होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष ऑनर्सचे करता येते. चार वर्षांची पदवी असलेल्याला पुढे एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय आहे, आणि ७५ टक्के गुण असल्यास नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन थेट पीएच.डी.कडेही जाता येते. ज्याला संशोधनात जायचे आहे त्याने चौथे वर्ष करावे. ज्याला लगेच कमाई हवी आहे त्याने तीन वर्षांवर थांबून नोकरीला लागण्यात काहीही कमीपणा नाही.

चांगल्या संस्थेत एम.एस्सी. करायची तर जॅम ही परीक्षा महत्त्वाची. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण अशी ती असते. तिच्यातून आयआयटींच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी वेगळी. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून उभी आहे आणि तिची नाळ उद्योगाशी जोडलेली आहे. पुण्यात १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि २००६ साली स्थापन झालेली आयसर या दोन संस्था शेजारी-शेजारी आहेत आणि संशोधनासाठी देशात नावाजलेल्या आहेत. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था १९४२ पासूनची. शाखा निवडताना बहुतेक जण डोळे झाकून सेंद्रिय रसायनशास्त्राकडे धावतात. संश्लेषणाची आवड असेल तर ते योग्यच आहे, पण लॅबमधली नोकरी हे ध्येय असेल तर विश्लेषक रसायनशास्त्राला मागणी कमी नाही आणि गर्दी मात्र कमी आहे.

पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. तिच्यातून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. नेट झाली नाही तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आपापल्या प्रवर्गातील संशोधकांना मिळतात, त्यांची चौकशी नोंदणीच्या वेळीच करावी. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. परंतु सेट झाल्यावर अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबावे लागते. हे विद्यार्थ्यांना कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि म्हणून मी ते इथे सांगत आहे. माध्यमिक शाळेसाठी बी.एस्सी. बी.एड. आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी. बी.एड. लागते, आणि भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत होते.

बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला राज्यात अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ही वाट फार कमी जणांना माहीत आहे; रासायनिक अभियांत्रिकीकडे वळू इच्छिणाऱ्याने सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका पाहावी. वर्ष-दोन वर्षांच्या पदविकांपैकी अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेची पदविका आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका या दोन्हींचा नोकरीशी थेट संबंध आहे. सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी अभियंत्यापेक्षा विज्ञान पदवीधराला जास्त अनुभव मागितला जातो, म्हणून आधी प्लांटवर काम आणि मग ती पदविका असा क्रम ठेवावा.

पेटंटचे क्षेत्र वेगळे आणि सुखावणारे आहे. विज्ञानाची पदवी आणि २१ वर्षे वय पूर्ण असलेल्या भारतीय नागरिकाला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. या कामाचे महत्त्व हळदीच्या प्रकरणाने सगळ्यांना कळले: जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना, जुन्या ग्रंथांतले पुरावे सादर करून १९९७ साली रद्द करून घेण्यात आले. रसायनशास्त्र समजणारा, वाचनाची आवड असलेला आणि नेमके लिहिणारा माणूस इथे हवा असतो. देशातल्या चार पेटंट कार्यालयांपैकी एक मुंबईत आहे.

परदेशातील शिक्षणाबद्दल एवढेच: जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र आधी काढावे लागते आणि राहण्याच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते.

सहावी पायरी: अर्ज, मुलाखत आणि नेमणूकपत्र

बायोडेटा एका पानाचा असावा आणि त्यात स्वतः वापरलेलीच उपकरणे लिहावीत. पाहिलेल्या आणि चालवलेल्या यंत्रांत फरक असतो आणि पहिल्याच उपप्रश्नात तो उघडा पडतो. औषध कंपन्या रविवारी थेट मुलाखती ठेवतात. त्यांना मूळ गुणपत्रिका दाखवायला न्याव्यात, पण त्या कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या एजन्सीला पैसे देऊ नयेत, मग तिचे कार्यालय कितीही चकचकीत असो.

नेमणूकपत्र हाती आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. आपण कंपनीच्या पटावर आहोत की ठेकेदाराच्या. बाँड आहे का आणि तो मोडल्यास किती रक्कम. रात्रपाळीला, विशेषतः मुलींसाठी, येण्याजाण्याची सोय कोणती. आणि पदाचे नाव नेमके काय लिहिले आहे. ठेकेदाराच्या पटावर सुरुवात करावी लागली तरी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळालाच पाहिजे, कारण अनुभवावर शंका घेतली गेली तर पासबुकातल्या त्या नोंदी उपयोगी पडतात.

पहिल्या आठवड्यात कोणी सांगो न सांगो, आपण हाताळणार असलेल्या प्रत्येक रसायनाचे सुरक्षा पत्रक वाचावे, डोळे धुण्याचे आणि आपत्कालीन शॉवरचे ठिकाण चालत जाऊन पाहावे, आणि गळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या दिशेला जायचे हे प्लांटवरची वातदिशा दाखवणारी पिशवी बघून समजून घ्यावे. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायन कारखान्यात झालेला स्फोट सर्वांच्या स्मरणात आहे. मास्क, गॉगल किंवा हातमोजे मिळत नसतील तर लेखी मागणी करावी आणि तरीही मिळत नसतील तर ती नोकरी सोडावी.

नोकरी बदलताना अनुभवाचा दाखला मागून घ्यावा आणि त्यात तारखांबरोबर कामाचे स्वरूपही लिहून घ्यावे: कोणत्या प्रकारच्या औषधांची निर्मिती, कोणती उपकरणे, कोणत्या चाचण्या. अन्न व औषध प्रशासनाकडे मान्यतेसाठी अर्ज करताना हाच दाखला लागतो, आणि नुसते ‘केमिस्ट म्हणून काम केले’ असे लिहिलेला कागद तिथे पुरत नाही.